पान अकरावरची अब्दागिरी

देवराव, काल तुझी तेरवी झाली. वाढणं सुरू असताना मी पंगतीतून उठून उभा राहिलो आणि आठ वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं ते बोललो. सगळं गाव पत्रावळीवर बसलं होतं. फक्त तू नव्हतास. हा राग मी कोणावर काढू? स्वतःवर काढून झाला, आबासाहेबांवर काढून झाला. आता तुझ्यावर काढतो. या वेळी तुला तो ऐकून घ्यावा लागेल, कारण आता मध्येच उठून 'मास्तर, पंप सुरू हाय, येतो मी' म्हणून पळता येणार नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे. तू चांगला होतास हे गावाला माहीत आहे, त्यासाठी मी लिहायची गरज नाही. तुझ्या चांगुलपणानं मला आठ वर्षं जो त्रास दिला, तो मात्र माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

हे मी वर्ध्याच्या साप्ताहिकाकडे पाठवणार आहे. तिथल्या वाचकांनी आपल्या गावची रामनवमी पाहिलेली नसेल, तर त्यांना आधी अब्दागिरी समजावून सांगायला हवी. तू असतास तर म्हणाला असतास, 'समजावून काय सांगतं बे, धरून दाखव.' मला धरता येत नाही. सांगतोच.

अब्दागिरी म्हणजे छत्री नव्हे. छत्री डोक्यावर असते आणि ज्याची त्याच्याच हातात असते. अब्दागिरी दुसऱ्यासाठी, आणि बाजूनं धरायची. माणसाहून उंच काठी आणि तिच्या टोकाला पिंपळाच्या पानासारखी मखमलीची चौकट, कडेनं जर. जुन्या काळी राजे-सरदारांबरोबर चालायची, आता देवाच्या पालखीबरोबर चालते. आपल्याकडे रामजन्म दुपारी बाराचा. जन्म झाला की पाळणा, पाळणा झाला की पालखी. म्हणजे देव देवळाबाहेर पडायचा तो नेमका चैत्राच्या भर उन्हात, आणि गावाची फेरी संपवून परत यायला त्याला तीन तास लागायचे. ते तीन तास त्याच्या तोंडावर ऊन पडू द्यायचं नाही, हे तुमच्या घराण्याचं काम. तुझ्या आज्यानं केलं, बापानं केलं, मग तू. धरणाऱ्यानं अनवाणी चालायचं, डोक्यावर टोपी नाही, दुपट्टा नाही. देवावर सावली धरणाऱ्यानं स्वतःवर सावली घ्यायची नाही, पालखी देवळात परत जाईपर्यंत पाणीही प्यायचं नाही.

फेरीत सात वळणं. प्रत्येक वळणाला ऊन बाजू बदलतं. बाजू बदलताना पालखीच्या पुढून जायचं नाही, मागून जायचं, आणि त्या चार पावलांतही देवाचं तोंड उघडं पडता कामा नये. म्हणून तू वळणाच्या वीसेक पावलं आधीच काठी कलती करत आणायचास. लोकांना वाटायचं, देवराव नुसता चालतो. मला माहीत होतं तू काय करायचास, कारण एकदा तुझ्या अंगणात बांबूला सूप बांधून तू माझ्या हातात दिलं होतंस. शांतावहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना देव केलं होतंस आणि मला त्यांच्याभोवती फिरवत होतास.

"काय बे मास्तर, वहिनीच्या तोंडावर ऊन आलं ना! पाह्यतं कुठी तू?"

"वहिनींकडेच पाहतो ना, ऊन पडतं की नाही ते."

"थेच तं चुकते. देवाकडे नोको पाहू. देव कुठी जात नाई. उन्हाकडे पाह्यजो."

वहिनी म्हणाल्या, "दोघंबी उन्हाकडेच पाहा. माह्ये तांदूळ कोंबडी खाऊन राह्यली ते कोनी पाहू नोका."

आपण चौथीपर्यंत एका बाकावर होतो. मग तू बैलांकडे गेलास आणि मी आर्वीला शिकायला. बी. ए. होऊन मी आपल्याच गावच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा तू मला 'मास्तर' म्हणायला लागलास, पण 'अहो' कधी म्हणाला नाहीस. 'मास्तर' आणि 'बे' एका वाक्यात म्हणणारा तू एकटाच होतास. आता मला 'बे' म्हणणारं गावात कोणी उरलं नाही. याचाही मला राग आहे.

आणीबाणी उठली त्या वर्षी देवळाला नवा कळस बसला आणि कमिटीनं देवस्थानाची माहितीपुस्तिका काढायचं ठरवलं. ती लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी पालखीपासून समईपर्यंत एकेका वस्तूवर लिहीत होतो. तू एक दिवस म्हणालास, "ह्या अबदागिरीचा अर्थ काय बे? आजा धरे, बाप धरे, मी धरतो. काय धरून राह्यलो ते तं समजू दे."

मला माहीत नव्हता. तुला पंप दुरुस्तीला न्यायचा होता, म्हणून आपण दोघं तळेगावहून एस.टी.नं वर्ध्याला गेलो. पंप तुझ्या मांडीवर होता. आंजीला एक बाई गाडीत चढली आणि तुला म्हणाली, "भाऊ, त्या लेकराले खाली ठेवा, मले बसू द्या." तू पंप कुरवाळत म्हणालास, "झोपलं हाय जी ते." अख्खी गाडी हसली होती.

पंप दुकानात टाकून आपण वाचनालयात गेलो. जाड शब्दकोश काढून मी शोधत होतो आणि तू शेजारी हात मागे बांधून उभा होतास, जणू कोणी ओरडेल. सापडलं तेव्हा मी हळू आवाजात वाचून दाखवलं. मूळ शब्द फारसी. आफताब म्हणजे सूर्य. गीर म्हणजे धरणारा, पकडणारा. आफताबगीर. तोंडातोंडी झिजत झिजत आपल्याकडे अब्दागीर, अब्दागिरी झाला. अर्थ : उन्हापासून आडोसा करण्याचं साधन.

बसस्टँडवर आलूबोंडा खाताना एकदम म्हणालास, "सूर्य धरनारा. म्हंजे मी."

"तू नाही रे. ती वस्तू. कोशात वस्तूचं नाव दिलंय."

"काठीले काय समजते ऊन? उलटी धर, सुलटी धर, तिले सारखंच. सूर्य धरतो तं मानूसच."

"कोशात लिहिलंय तो अर्थ, देवराव."

"लिहिनाऱ्यानं धरून पाह्यली होती का कधी?"

मी मास्तरकी केली. शब्द कसे प्रवास करतात, दरबारातून देवळात कसे येतात, ते सांगितलं. तू ऐकून म्हणालास, "म्हंजे पह्यले सरदाराच्या डोक्यावर होती, मंग देवाच्या आली? देवाले बढती भेटली म्हना." परतीच्या गाडीत सगळा वेळ तू तो शब्द पुटपुटत होतास. आफताबगीर. आफताबगीर. इतकं आनंदी मी तुला तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

त्याच आनंदानं घात केला. तुला कोणी सांगितलं होतं सगळ्यांसमोर बोलायला? मी म्हटलं होतं का? मी तर आबासाहेबांना एकट्यात गाठून, त्यांचा कल पाहून, मग काय लिहायचं ते ठरवणार होतो. तुला कल पाहणं कधी जमलंच नाही. उन्हाचा कल तेवढा कळायचा.

वाचकांसाठी सांगतो. आबासाहेब हे आमच्याकडच्या जुन्या मालगुजार, म्हणजे जमीनदार, घराण्यातले. मालगुजारी गेली, पण देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष तेच आणि शाळेच्या संस्थेचे अध्यक्षही तेच. मी तेव्हा तिसऱ्या वर्षी तात्पुरता मास्तर होतो. कायम होण्याचा कागद त्यांच्या सहीसाठी पडून होता. घरी दोन लहान मुली होत्या.

संध्याकाळच्या आरतीनंतर सभामंडपात बैठक होती. मी वही घेऊन खाली बसलो होतो. आबासाहेबांनी एका कीर्तनकाराकडून ऐकलेला अर्थ सांगितला. अब्द म्हणजे मेघ, गिरी म्हणजे पर्वत. देवाच्या माथ्यावर मेघांचा पर्वत. "लिहा मास्तर," ते म्हणाले, आणि मी लिहिलं. लिहिताना मला माहीत होतं की हे खोटं आहे. लिहिताना मला हेही माहीत होतं की तू खांबाला टेकून उभा आहेस.

"नाई जी आबासाहेब," तू म्हणालास, "तसं नाई ते. फारसी शब्द हाय तो. आफताब म्हंजे सूर्य. सूर्य धरनारा."

"फारसी? रामाच्या पालखीत?" आबासाहेब हसले, मग हसायचे थांबले. "तुले कोनं सांगतलं?"

"मास्तरनं. आमी दोघं वर्ध्याले गेलतो. पुस्तकात हाय."

सगळे माझ्याकडे वळले. आबासाहेब चष्मा पुसत होते. "काय हो मास्तर?"

देवराव, तो क्षण मी इतक्या वेळा आठवला आहे की आता त्यात काही सैल राहिलं नाही. मला कोणी धमकावलं नाही. आबासाहेबांचा आवाजही चढला नव्हता. एवढंच म्हणायचं होतं : हो, कोशात तसं आहे. फार तर ते म्हणाले असते, असू द्या, आपण आपला अर्थ छापू. तेवढ्यावर मिटलं असतं कदाचित. मी मिटण्याची वाट पाहिली नाही.

मी म्हणालो, "नाही. मी असं काही सांगितलं नाही. आम्ही पंपाच्या कामाला गेलो होतो."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी वहीत पाहत होतो, तरी मला ते कळलं. मग तू म्हणालास, "बरोबर हाय जी. पंपाच्याच कामाले गेलतो. माह्याच मनचं होतं ते."

का म्हणालास तू तसं? काऊन, देवराव? वाचनालयातल्या माणसानं तुला ओळखलं असतं. कोश तिथेच होता, कोणालाही उद्या जाऊन पाहता आला असता. तू फक्त 'मास्तर खोटं बोलून राह्यला' म्हणायचं होतंस. मी पडलो असतो, आणि पडणंच मला हवं होतं, हे मला त्या दिवशी नाही कळलं, पण आज कळतं. तू माझ्या खोट्यावर उभा राहिलास आणि ते खरं करून टाकलंस.

मग आबासाहेब म्हणाले, देवाच्या वस्तूबद्दल मनचं बोलणाऱ्याच्या हाती देवाची वस्तू कशी द्यावी. त्या रामनवमीला अब्दागिरी त्यांच्या पुतण्याच्या, दिनकरच्या, हातात गेली. तीन पिढ्यांचा मान एका बैठकीत गेला आणि बैठक संपल्यावर सगळ्यांनी प्रसाद खाल्ला. मीही खाल्ला. पंधरा दिवसांत माझा कागद सही होऊन आला. मी कायम झालो. पुस्तिका छापून आली, मुखपृष्ठावर खाली माझं नाव, पान अकरावर मेघांचा पर्वत.

मला वाटलं होतं तू त्या वर्षी पालखीला येणार नाहीस. तू आलास. अनवाणी आणि उघड्या डोक्यानं, जसा दरवर्षी यायचास तसाच, फक्त हात रिकामे. दिनकरनं पहिल्या वळणावरच घोळ केला. पालखीच्या पुढून गेला आणि देवाच्या तोंडावर लखकन ऊन पडलं. बायका चुकचुकल्या. मी तुझ्याकडे पाहिलं. तू खूश होशील असं मला वाटलं, आणि मी तसं मनापासून इच्छिलंही, कारण तू खूश झाला असतास तर मला थोडं बरं वाटलं असतं. तू गर्दीतून पुढे सरकलास, दिनकरला दिसेल असा उभा राहिलास आणि डावा हात वर केलास. दिनकरनं काठी डावीकडे घेतली. तू तळहात थोडा खाली केलास. त्यानं काठी कलती केली. किराणा दुकानाच्या कोपऱ्यावर, कडुलिंबापाशी, पुढच्या वळणाला तू आधीच जाऊन उभा होतास.

आठ वर्षं हे असंच चाललं. काठी दिनकरच्या हातात आणि ऊन तुझ्या. सगळ्या गावाला ते दिसत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं. तू पाणीही प्यायचा नाहीस. मी मुलांची रांग सांभाळत पालखीच्या मागून चालायचो, माझ्या डोक्यावर काळी छत्री असायची.

आणि तू माझ्याशी वागणं बदललं नाहीस. हे मी तुला कसं माफ करू? थंडीत हुरड्याला निरोप यायचा. तुरीच्या शेंगांची पिशवी दारात यायची. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तू मांडवाचे खांब रोवायला सगळ्यांच्या आधी हजर. एकदा तुझ्या संत्र्याच्या बगीच्यात आपण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो होतो. मी सगळं ठरवून आलो होतो. म्हणालो, "देवराव, त्या दिवशी बैठकीत..."

तू उठलास. "मास्तर, पंप सुरू हाय. येतो मी."

पंप बंद होता. सुरू असता तर मला आवाज आला नसता का?

परत आलास तेव्हा वेगळंच. "मास्तर, खरं सांग बे. तो शब्द मानसाचा का वस्तूचा?" त्या शब्दावर वाद घालायला तू नेहमी तयार असायचास. वर्षातून चार वेळा तोच वाद. मी म्हणायचो वस्तू, तू म्हणायचास माणूस. पण त्या शब्दानं आपल्या दोघांत जे केलं होतं, त्याला मला हात लावू द्यायचा नाहीस. मला माफी मागायची होती आणि तू ती न मागताच देऊन मोकळा झाला होतास. न मागता दिलेली माफी घेता येत नाही रे. ती नुसती अंगणात पडून राहते आणि येता-जाता पायात येते. तू मला एक कानाखाली मारली असतीस तर आपण दोघं सुटलो असतो. तुला ते कळत होतं का? कळत असून तू केलंस का? मला कधी कधी वाटायचं की ही तुझी शिक्षाच आहे, शेंगांच्या पिशवीत घालून पाठवलेली. मग स्वतःचीच लाज वाटायची, कारण तुझ्या शेंगांत शेंगाच असायच्या.

फाल्गुनात तुला कावीळ झाली. वर्ध्याला दवाखान्यात मी आलो तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. तू म्हणालास, "मास्तर, नवमी जवळ आली. दिनकरले सांगजो, तिसऱ्या वळनाले घाई करतो तो." मग थोडा दम घेऊन, "मानसाचा का वस्तूचा?"

मी म्हणालो, "आधी बरा हो. मग सांगतो."

मग सांगतो. हे मी तुला शेवटचं बोललो. आपल्याकडे वेळ आहे असं मानून चालणं हा माझा जुना धंदा.

तुला दुपारी नेलं. फाल्गुन संपत आला होता आणि ऊन चांगलंच तापलं होतं. तिरडीवर तुझं तोंड उघडं होतं, आणि नदीकडे जाणारा रस्ता दक्षिणेला. ऊन उजवीकडून येत होतं, सरळ तुझ्या डोळ्यांवर. गावात एवढी माणसं होती, पण ऊन कुठून येतं हे तिथे बहुतेक मलाच समजत होतं, कारण तूच मला शिकवलं होतंस. माझ्या काखेत छत्री होती. मिटलेली. उजवीकडे होऊन ती उघडायची एवढंच होतं. मी उघडली नाही. लोक म्हणतील मास्तर नाटक करतो, म्हणून. देवळापासून नदीपर्यंत मी ती काखेत दाबून चाललो आणि तू उन्हात गेलास. आठ वर्षांनी तीच परीक्षा आणि मी पुन्हा त्याच विषयात नापास.

म्हणून काल उठलो. म्हणालो, "देवराव खोटं बोलला नव्हता. शब्द फारसीच आहे. अर्थ मीच त्याला वर्ध्याला कोशातून वाचून दाखवला होता. बैठकीत मी खोटं बोललो, माझ्या नोकरीसाठी."

वाढणारे थांबले. मला वाटलं, आता काहीतरी होईल. आबासाहेब आता फार थकले आहेत, त्यांना एका बाजूला कलून बसावं लागतं. ते म्हणाले, "बसा मास्तर. वरन थंड होऊन राह्यलं."

"आबासाहेब, मी काय म्हणतो..."

"आयकलं ना. आमाले तं तवाच माहीत होतं. तुमचं तोंडच सांगत होतं. अहो, दिनकरच्या बापाले तो मान पाह्यजेच होता दोन वर्सापासून. तुमी कामी आले." आणि पापड मोडला.

मी बसलो. शेजारच्यानं माझ्या पत्रावळीवर भात सरकवला. सगळ्यांना माहीत होतं, देवराव. आठ वर्षं मी ज्या ओझ्याखाली वाकलो ते सगळ्या गावाला दिसत होतं आणि कोणाला त्याचं काही नव्हतं. माझं खोटं कोणी खरंही मानलं नव्हतं. नुसतं वापरलं होतं. आणि तूही हे ओळखून होतास ना? त्या बैठकीतच? म्हणून भांडला नाहीस? मान जाणारच आहे, निदान मास्तरची नोकरी राहू दे, असा हिशेब केलास का तू, खांबाला टेकून, तेवढ्या वेळात? केला असशील तर मला तुझ्याइतका राग या जगात कोणाचा नाही. मला विचारायचं तरी होतंस.

जेवणं उरकल्यावर मी वहिनींकडे गेलो. त्या चुलीपाशी होत्या. मी म्हणालो, "वहिनी, माफ करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "भाऊजी, त्याईनं घरात कधी तुमच्या नावानं राग नाई केला. मी केला. आठ वर्सं केला. तुमच्या घरी शेंगा धाडताना पिशवी मीच भरो, अन् भरतानाबी केला." मग लाकूड आत ढकलत म्हणाल्या, "नवमीले पाय भाजून घरी येत. मी तेल लावो. मले मांगू नोका माफी. मी नाई देत."

"मग मी काय करू?"

"तोंडानं बोलले तुमी आज. ते लोक जेवनासंगं गिळून घरी गेले. तवा तं तुमी लिहून देल्लं होतं ना? पुस्तकात? मंग लिहूनच मिटवा."

इतक्या वर्षांत मला कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं. तू तर नाहीच.

आज सकाळी दिनकर आला. चाळिशीकडे आलाय आता, पोट सुटलंय. ओट्यावर बसून पायाच्या बोटाशी खेळत राहिला. म्हणाला, "मास्तर, नवमी आठ दिसावर आली. यंदा हात कोन दाखवन? मले अजूनबी जमत नाई. तिसऱ्या वळनाले तं कायीच समजत नाई."

"घाई करतोस तू तिथे. देवराव म्हणाला."

"म्हनले का?" त्याचे डोळे भरून आले. मला त्याचाही राग यायला हवा होता. आला नाही. म्हणाला, "तुमीच दाखवा ना. तुमाले त्याईनं शिकवलंतं म्हंते वहिनी."

मी म्हणालो, दाखवतो. पण आधी देवळाच्या कपाटातल्या उरलेल्या पुस्तिका आण. सगळ्या. काका विचारतील तर सांग, मास्तर चुका तपासतोय, शाळेत तेच करतो तो.

त्यानं गोणपाटात बांधून गठ्ठा आणला. साठ-पासष्ट प्रती असतील, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मी पडवीत बसलो, शाळेची लाल शाई घेतली आणि एकेक पुस्तिका पान अकरावर उघडली. मेघांच्या पर्वतावर आडवी रेघ. समासात लिहिलं : आफताबगीर. फारसी. हे देवरावनं कमिटीला सांगितलं होतं आणि ते खरं होतं. मी ते नाकारलं, ते खोटं होतं. खाली माझी सही. दुपारपर्यंत बोटं लाल झाली. दिनकर पानं उघडून देत होता. विसाव्या-पंचविसाव्या प्रतीला तो म्हणाला, "मास्तर, पन अर्थ नाई लिहिला तुमी. अर्थ काय त्याचा?"

खरंच लिहिला नव्हता. माझा हात तिथे थांबला होता, पहिल्या प्रतीपासून.

कोशात वस्तूच आहे, देवराव. उद्या कोणी वर्ध्याला जाऊन पाहील तर त्याला वस्तूच सापडेल आणि तो म्हणेल, मास्तर पुन्हा चुकला. म्हणू दे. मी सगळ्या प्रती परत घेतल्या आणि प्रत्येकीत एक ओळ वाढवली : अर्थ, सूर्य धरणारा माणूस. वाद संपला. तू जिंकलास. आणि जिंकल्याचं ऐकायला तू नाहीस याचा मला इतका संताप आहे की शेवटच्या काही प्रतींवर निब टोचून कागद फाटला आहे.

रामनवमीला या पुस्तिका पाहुण्यांना वाटल्या जातील. आबासाहेब काय म्हणतील ते म्हणोत. कायम मास्तराला काढायला आता त्यांच्याकडे कागद नाही. खरं तर तेव्हाही एवढा मोठा कागद नव्हता.

मी कडुलिंबापाशी उभा राहीन, किराणा दुकानाच्या कोपऱ्यावर, तुझ्या जागी. अनवाणी. तिथे पालखी उत्तरेला वळते आणि ऊन डावीकडून येतं. वीस पावलं आधी डावा हात वर करायचा, तळहात थोडा खाली. देवाकडे पाहायचं नाही. एवढं मला येतं.

छत्री घरी ठेवून येतो.